खेळात डोक्याला वारंवार बसणारा मार आणि पुढच्या वयातला मेंदू: इंदूरच्या पालकांचे आणि खेळाडूंचे नेहमीचे प्रश्न

रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरच्या मराठी घरांतली पोरं आता नुसतं क्रिकेट खेळत नाहीत. कबड्डीची मॅट आली, बॉक्सिंगचे क्लास निघाले, तायक्वांदो शाळेशाळेत आहे, आणि कुस्ती तर इंदुरात होतीच. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून मैदानाच्या कडेला बसते. बसवलंय गुडघे-खांदे बांधायला, पण पालक विचारतात डोक्याबद्दल. ते प्रश्न उत्तरांसकट इथे दिलेत. निदान आणि औषध डॉक्टरांचं काम. हे वाचून घरच्या घरी निदान करू नका.

एकदा डोकं आपटलं तर म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो का?

बहुतेकदा नाही. मेंदूला एकदा हादरा बसला, म्हणजे डॉक्टर ज्याला कंकशन म्हणतात ते झालं, आणि पुढची काळजी नीट घेतली, तर बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत आणि मुलं महिन्याभरात पूर्ववत होतात. काळजी आहे ती वर्षानुवर्षं, दर आठवड्याला बसणाऱ्या टोल्यांची. त्यातून काही खेळाडूंना पुढे एक आजार जडतो. नाव लांबलचक आहे, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपॅथी. सगळे सीटीई म्हणतात. यात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं आणि हळूहळू पेशी मरत जातात. खेळ सुटून कितीतरी वर्षं झाल्यावर चिडचिड, नैराश्य, उतावळेपणा, विसराळूपणा दिसायला लागतो. अल्झायमरमध्येही टाऊ साचतं, पण त्याची जागा आणि ठेवण वेगळी असते.

हे खूळ आत्ताच कुठून निघालं? आमच्या वेळी डोकी फुटायची, टाके घालून परत खेळायचो.

खूळ जुनं आहे. न्यू जर्सीतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं की काही मुष्टियोद्धे दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, अडखळत बोलतात. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ मृत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून त्यांतले बदल मांडले. तरी लोक म्हणत राहिले, हा बॉक्सिंगवाल्यांचा आजार, आपल्याला काय त्याचं. मग २००२ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन धडका देत खेळतात तो) नावाजलेला खेळाडू माइक वेब्स्टर ५० व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूत डॉक्टर बेनेट ओमालूंना हेच दिसलं, आणि २००५ मध्ये ते छापून आल्यावर गदारोळ उठला.

आणि 'आमच्या वेळी'चं म्हणाल, तर इंदूरकरांना कर्नल सी. के. नायडूंचा किस्सा पाठ असतो. १९५१-५२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसला, दात पडले, आणि पन्नाशी ओलांडलेले नायडू ते बाजूला सारून पुढे खेळत राहिले असं सांगतात. किस्सा मलाही आवडतो. पण दात पडला तर दिसतो, मेंदूचं काय झालं ते दिसत नाही. आता क्रिकेटनेसुद्धा १ ऑगस्ट २०१९ पासून कंकशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घ्यायची मुभा दिली आहे, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरलाही.

मुलगा कधी बेशुद्ध पडला नाही, चक्करसुद्धा आली नाही. मग कसली काळजी?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. कंकशन झालेल्यांतलेही बहुतेक जण बेशुद्ध पडत नाहीत. शिवाय ज्यांना कंकशन म्हणता येणार नाही, ज्यांनी काहीच त्रास होत नाही, असे छोटे टोलेही जमा होत जातात.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. डोक्याला गचका बसला, विशेषतः मान गर्रकन फिरली, की कवटी थांबते आणि मेंदू थोडा पुढे जातो. डब्यातलं कवडीचं दही आठवा: डबा शाबूत राहतो, आतली कवडी मोडते. मेंदूतले लांब धागे, ज्यांतून संदेश जातात, ते अशा पिळात ताणले जातात. टाऊ प्रथिन एरवी या धाग्यांचा सांगाडा धरून ठेवण्याच्या कामी येतं. ताण बसला की ते सुटतं आणि त्याच्या गुठळ्या व्हायला लागतात.

अमेरिकन फुटबॉलच्या मृत खेळाडूंच्या मेंदूंवरून २०१९ मध्ये असं दिसलं, की खेळाची दर २.६ वर्षं वाढली की सीटीई असण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. २०२३ च्या अभ्यासाने आणखी बारकावा दाखवला: कंकशन किती वेळा झालं यापेक्षा आयुष्यभरात डोक्याने एकूण किती जोराचा मार सोसला, यावरून अंदाज जास्त बरोबर येतो. माझा सगळा आग्रह त्यावरच उभा आहे. सामना तासाभराचा, सराव आठवडाभराचा. मार बसतो तो मुख्यतः सरावात, आणि कमी करता येतो तोही तिथेच.

इंटरनेटवर वाचलं, १११ पैकी ११० खेळाडूंना हा आजार होता. म्हणजे सगळ्यांनाच होतो?

आकडा खरा आहे, अर्थ तसा नाही. बोस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई सापडला. पण मेंदू दान कोणी केले? ज्या घरांनी त्या माणसाचं बिघडत जाणं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनी. त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही.

त्यापेक्षा मला स्कॉटलंडचा अभ्यास जास्त पटतो. २०१९ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूंच्या नोंदी २३,०२८ सामान्य माणसांशी ताडून पाहिल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू खेळाडूंमध्ये साधारण साडेतीन पट. आणि हृदयविकाराने, फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू मात्र कमी. पुढे २०२१ मध्ये जागेनुसार पाहिलं, तर बचावफळीतल्यांना धोका सगळ्यात जास्त, साधारण पाचपट, आणि गोलरक्षकांना सामान्य माणसाइतकाच. गोलरक्षक डोक्याने चेंडू मारत नाही. कोचशी वाद घालायची वेळ आली तर एवढं वाक्य लक्षात ठेवा.

कबड्डीत तर ठोसे नसतात. तिथे डोक्याला कुठे लागतं?

बसून बघा, कळेल. कोपऱ्यावरचा खेळाडू घोट्याची पकड करायला सूर मारतो, तेव्हा त्याचं डोकं चढाईपटूच्या दुसऱ्या टाचेच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर असतं. साखळीने दोघे एकदम आत येतात आणि चढाईपटू ऐनवेळी वाकला, तर दोघांची कपाळं एकमेकांवर. डुबकी मारून साखळीखालून निसटणारा तर डोकं पुढे घालूनच निघतो. त्यात मॅटवर पाय मातीसारखा घसरत नाही, पकडतो. अंग तिथल्या तिथे थांबतं आणि मान झटका खाते.

एका सराव सामन्यात डाव्या कोपऱ्यावरच्या मुलाने असाच घोटा धरला. चढाईपटूने पाय ओढला, टाच याच्या कानशिलावर. पोरगा लगेच उठला, गुण मिळाला म्हणून टाळ्या दिल्या, आणि मध्यरेषा ओलांडून समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. मी विचारलं, "कोणाशी खेळतोयस रे?" त्याने शांतपणे विचार केला आणि मागच्या महिन्यातल्या सामन्यातल्या संघाचं नाव सांगितलं. ना टेंगूळ, ना रक्त. कोच म्हणाले, "ताई, तोंडावर पाणी मारा, होईल ठीक." पोरं त्याला हसत होती.

आणि कुस्तीत? माती बरी की मॅट?

कुस्तीत डोक्यावर मारायचं नसतं, त्यामुळे बॉक्सिंगच्या तुलनेत धोका कमी. पण पट काढायला घुसताना डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर किंवा कमरेच्या हाडावर आदळतं, खडाखडीत कपाळावर कपाळ बसतं, आणि ढाक किंवा धोबीपछाड हे डाव लागले की डोक्याची मागची बाजू खाली येते. पडताना हनुवटी छातीला लावायची ही सवय वस्ताद पहिल्या महिन्यात लावतात, ती याचसाठी.

माती की मॅट हा वाद नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत घाला. डोक्यासाठी प्रश्न एवढाच, की खालचं किती मऊ आहे. रोज खणून, ताक-तेल घालून भुसभुशीत ठेवलेली माती चांगलीच. पावसाळ्यानंतर आठवडाभर न खणलेली माती फरशीसारखी होते, आणि दोन मॅटमधली फट उघडी राहिली तर तीही तेवढीच वाईट. कानाचं संरक्षक लावलंत तर कान फुगायचा वाचेल. मेंदूला त्याचा उपयोग नाही.

बॉक्सिंगमध्ये हेडगार्ड असतं ना? मग मुलाला घालायला काय हरकत?

हेडगार्डने भुवई फाटत नाही, कवटीला थेट मार कमी लागतो. आत मेंदूला पीळ पडतो तो त्याने थांबत नाही. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून तर २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ते काढूनच टाकलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले. यावर अजून वाद आहे. पण "गार्ड आहे, मार जोरात" असं म्हणणारा प्रशिक्षक दिसला तर मुलाला घरी आणा.

लहान मुलांच्या बॉक्सिंगला अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये स्पष्ट विरोध केला आहे. माझंही मत तेच. दोरी, पायांची हालचाल, बॅग, पॅडवर ठोसे, यात वर्षं सुखाने जातात. मनापासून आवड असेल तर डोक्यावर ठोसे खाणं शक्य तितकं लांबवा. तायक्वांदोवाल्यांनीही ऐका: लाथ डोक्यावर बसली की तीन गुण, अंगावर बसली की दोन. म्हणजे नियमच डोक्याकडे बोट दाखवतो. सरावात तरी डोक्याची लाथ हवेत थांबवायला लावा.

फुटबॉलमध्ये हेडिंग शिकवावं का?

हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, बारा-तेरा वर्षांपर्यंत शिकवू नये असं मला वाटतं. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची बंदी केली आणि ११ ते १३ वयात सरावावर मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत, आणि २०२१ पासून व्यावसायिकांनाही सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच्या वर मारू नका असं सांगितलं जातं. त्यामागे माणसं आहेत. वेस्ट ब्रॉमविचचा जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा मृत्यूचौकशीत कारण लिहिलं गेलं: कामामुळे झालेला आजार, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं. १९६६ चा विश्वविजेता नॉबी स्टाइल्स २०२० मध्ये गेला, त्याच्याही मेंदूत सीटीई सापडला.

मुलींना धोका जास्त असतो का?

मुलं-मुली सारख्याच नियमांनी खेळतात अशा खेळांत, उदाहरणार्थ फुटबॉलमध्ये, मुलींमध्ये कंकशनचं प्रमाण जास्त आढळतं आणि बरं व्हायलाही बऱ्याचदा वेळ जास्त लागतो. मानेच्या स्नायूंची ताकद हे एक कारण मानतात. मानेचे व्यायाम मुलींना आवर्जून द्या. कोणी "नाटक करते" म्हणालं तर तिच्या बाजूने उभे राहा, बाकी काही करायला नको.

मोहम्मद अलीला हेच झालं होतं ना?

अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं आणि तो २०१६ मध्ये गेला. बॉक्सिंगचा त्यात किती वाटा होता यावर डॉक्टरांचं एकमत नाही. सगळ्यांच्या तोंडी असलेलं हे उदाहरण पुराव्याला कच्चं आहे.

मैदानात डोक्याला लागलं तर त्या क्षणी काय करायचं?

खेळाडूला बाहेर काढा आणि त्या दिवशी परत उतरवू नका. "बरं वाटतंय" म्हणाला तरी नाही, फायनल असली तरी नाही. विचारा: आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना जिंकलो का? नजर हरवलेली, उत्तर उशिरा, पाय लटपटणारे, उजेड सोसत नाही, मळमळ, यातलं एकही दिसलं तर कंकशन समजून चाला.

पुढची लक्षणं दिसली तर वाट न बघता १०८ लावा किंवा थेट एम. वाय. किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका (फिट), डोळ्याची एक बाहुली मोठी एक लहान, हातापायात जोर नसणं, ग्लानी वाढत जाणं, नाका-कानातून पाण्यासारखं वाहणं. मान दुखत असेल तर उठवून बसवू नका, डोकं-मान आहे तशीच धरून ठेवा. झटका आला तर कांदा, चप्पल, चमचा यातलं काहीही नाका-तोंडाशी न्यायचं नाही. कुशीवर वळवा, बस.

डॉक्टरांनी बघेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर वाढू शकतो. तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या. रात्रभर दर तासाला उठवून बसवणाऱ्या आजीला प्रेमाने समजवा. आणि पहिले दोन दिवस मोबाइल काढून घ्या. स्क्रीन कमी केली की लवकर बरं वाटतं, हे तपासून पाहिलेलं आहे.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. मग झालं ना?

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडलेलं दाखवतो. कंकशन त्यात दिसत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ऑपरेशनची गरज नाही एवढाच, मैदानात उतरा असा नाही.

पुन्हा खेळायला कधी पाठवायचं?

पहिले एक-दोन दिवस घरातल्या घरात आराम, पण अंधाऱ्या खोलीत पाडून ठेवायचं नाही. अंगणात फिरलं तर बरंच. मग पायऱ्या. रोजची कामं, हलकं चालणं किंवा सायकल, खेळाचे एकट्याने करायचे व्यायाम, संघाबरोबर पण अंगाला अंग न लावता सराव, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला तर थांबायचं आणि खालच्या पायरीवरून पुन्हा सुरू करायचं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला ठरवलेल्या मार्गदर्शनातही हाच क्रम आहे. शाळा आधी, मैदान नंतर.

घाई का नको? पहिला हादरा भरून निघायच्या आत दुसरा बसला, तर क्वचित, आणि मुख्यतः तरुण पोरांत, मेंदूला एकाएकी सूज येऊन जीव जातो.

बाबा पूर्वीचे पैलवान. आता विसरतात, उगाच चिडतात. सीटीई असेल का?

असेलही, पण तिथून सुरुवात करू नका. जिवंत माणसात सीटीईचं पक्कं निदान आजही होत नाही. ते मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. एमआरआय किंवा रक्ताच्या कुठल्याही तपासणीतून "सीटीई निघाला" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आधी बरी होणारी कारणं शोधा. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं. थायरॉइड, नैराश्य, घोरताना श्वास अडकणं, कमी ऐकू येणं, दारू. आणि एक कारण हमखास सुटतं: बाबा महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले होते का? म्हातारपणी किरकोळ मारानेही कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं, आठवड्यांनी विसरणं आणि झोपाळूपणा सुरू होतो, आणि ऑपरेशनने माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होतो. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ते किती वर्षं कुस्ती खेळले आणि बदल कधीपासून दिसला हे कागदावर लिहून न्या. बाबांच्या समोर सगळं बोलवत नाही.

जगण्यातच अर्थ नाही असं ते बोलत असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

बदाम, ब्राह्मी, गायीचं तूप देऊ का?

बदाम-तूप खायला हरकत नाही, पैलवानाला कोण अडवणार! पण टाऊ त्याने निघत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावणं, याने मेंदूला खरा फायदा होतो. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली. त्यात हीही आहेत आणि डोक्याची दुखापतही.

मग खेळ बंदच करावा का?

मी माझ्या भाच्याला कबड्डीतून काढलेलं नाही. त्याच्या सरावात बदल करून घेतला. पूर्ण जोराची पकड आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस हात लावून सोडायचं. घोट्याची पकड आधी डमीवर, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून. मार लागला की तारखेसकट वहीत नोंद, आणि ती वही कोचकडे नाही, दुसऱ्या कोणाकडे तरी. कोच वाईट असतात म्हणून नव्हे. पण ज्याला सामना जिंकायचा आहे त्यानेच खेळाडूला बसवायचं, हे जमणं अवघड.

गुरुवारी डोक्याला लागलं, रविवारी फायनल आहे. आता काहीच दुखत नाही. खेळू द्यावं?

नाही. वरच्या पायऱ्या मोजल्या तर आठवडा तरी लागतोच, आणि मुलांना बहुतेकदा त्याहून जास्त. कबड्डीत मैदानात सात उतरतात आणि यादीत बारा नावं लिहिता येतात, ती अशाच रविवारसाठी. त्याला बाकावर बसवा, टाळ्या वाजवायला लावा, आणि डोकेदुखीची गोळी गुपचूप घेतली नाही ना, एवढं सामन्याआधी विचारून घ्या.